शस्त्रक्रियेनंतर भाताऐवजी भाकरी?

प्रश्न : वजन घटवण्यासाठी चार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची) झाली. भात सोडला आहे. त्याऐवजी ज्वारीची भाकरी चालेल का?

उत्तर : चालेल, परंतु ज्वारीतही पिष्टमय पदार्थ जवळपास गव्हाइतकेच असल्यामुळे तिला निर्धास्तपणे पोटभर खाण्याजोगा पर्याय समजणे ही फसगत ठरते. जठर लहान झाल्याने पहिले घास अंडे, पनीर, मासे किंवा घट्ट वरणाचे असावेत आणि भाकरीचा चतकोर शेवटी, तोही जागा उरली तरच, नीट चावून खावा. भाताची आठवण अनावर झाल्यास फुलकोबी किसून जिरे-हिंगाच्या फोडणीवर झाकण न ठेवता परतावी, नाहीतर तिचा लगदा होतो. साबुदाणा मात्र उपवासालाही टाळावा, कारण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. मधुमेहाचे औषध चालू असल्यास आहारातील पिष्ट कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, अन्यथा रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते.