वाचकांचे प्रश्न : पोहोचू नयेत ती पॅकेटेही मोजावीत

प्रश्न : स्विचच्या पोर्टांवर मल्टिकास्ट (म्हणजे एका ग्रुपच्या सर्व श्रोत्यांसाठी एकदाच पाठवलेली) पॅकेटे नीट पोहोचतात का, हे तपासण्यासाठी आम्ही चाचण्या लिहीत आहोत. एका पोर्टवरून हजार पॅकेटे पाठवायची, ग्रुपमध्ये सामील झालेल्या पोर्टांवर ती मोजायची आणि हजार भरली की चाचणी उत्तीर्ण मानायची, अशी सध्याची पद्धत आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. स्विच प्रत्येक पॅकेट सगळ्याच पोर्टांवर पाठवत असला, तरीही ही चाचणी उत्तीर्ण होईल, आणि आयजीएमपी स्नूपिंग (ग्रुपमध्ये सामील होण्याचे आयजीएमपी संदेश ऐकून कोणत्या पोर्टवर काय पाठवायचे, हे स्विचने ठरवणे) मुळात असते ते नेमके हे टाळण्यासाठी. म्हणून सामील न झालेल्या पोर्टांवरही मोजणी हवी आणि तिथे अपेक्षित आकडा शून्य हवा. मात्र हा शून्य खरा आहे याची खात्री करावी लागते. नेटवर्क कार्ड आपण न मागितलेल्या ग्रुपची पॅकेटे स्वतःच गाळते. त्यामुळे तिथे प्रॉमिस्क्युअस मोडमध्येच, म्हणजे कार्ड काहीही न गाळता सारी पॅकेटे घेईल अशा स्थितीत, पॅकेटांची पकड (कॅप्चर) ठेवावी, आणि त्याच वेळी सगळ्या पोर्टांवर जाणारे एखादे ब्रॉडकास्ट पॅकेट पाठवून पकड जिवंत असल्याचे सिद्ध करावे. ज्या चाचणीत हे ब्रॉडकास्ट पॅकेट दिसले नाही, तिचा शून्य मी ग्राह्य धरणार नाही.

नुसत्या एकूण संख्येवरही विसंबू नये. दोन पॅकेटे हरवली आणि दोन दुबार आली, तरी बेरीज हजारच भरते. प्रत्येक पॅकेटात अनुक्रमांक घालावा, म्हणजे गळती, दुबार आणि क्रमभंग वेगवेगळे दिसतात.

ग्रुपचे पत्तेही विचारपूर्वक निवडावेत. आयपीव्ही४ पत्त्याच्या शेवटच्या २३ बिटांवरूनच मल्टिकास्टचा मॅक पत्ता (हार्डवेअरच्या पातळीवरचा पत्ता) बनतो, त्यामुळे ३२ ग्रुपांना एकच मॅक पत्ता येतो. २३९.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ ही अशीच एक जोडी आहे. एका पोर्टवर पहिला ग्रुप व दुसऱ्यावर दुसरा ठेवला, तर मॅक पत्त्यावरून वाट ठरवणारा स्विच दोन्ही ग्रुप दोन्हीकडे पाठवेल, आणि हे वर्तन तुमच्या उपकरणात मान्य आहे की नाही, ते चाचणी लिहिण्याआधीच ठरलेले असावे. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते मात्र या कामासाठी वापरू नयेत. ते स्थानिक नियंत्रणासाठी राखीव आहेत आणि स्नूपिंग चालू असतानाही स्विचने ते सर्वत्र पाठवणेच अपेक्षित आहे.

सर्वांत जास्त चुका वेळेच्या बाबतीत निसटतात. आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत चौकशीचा (‘ग्रुपचे श्रोते अजून आहेत का’ असे विचारण्याचा) मूळ कालावधी १२५ सेकंद आणि उत्तराची मुदत १० सेकंद आहे. दोन कालावधी आणि एक मुदत मिळून सदस्यत्व २६० सेकंद टिकते. नेटवर्कमध्ये चौकशी करणारा क्वेरिअरच नसेल, तर सामील होताना पाठवलेल्या पहिल्या संदेशामुळे सुरुवातीला सारे सुरळीत चालते आणि २६० सेकंदांनंतर ते पोर्ट यादीतून गळते. अर्ध्या मिनिटात संपणाऱ्या चाचणीला हे कधीच दिसणार नाही. निदान एक चाचणी पाच मिनिटांहून अधिक चालवावी, किंवा क्वेरिअरचे कालावधी मुद्दाम कमी करून ठेवावेत.

ग्रुप सोडल्यानंतर प्रवाह किती वेळात थांबतो, हेही मोजावे. मूळ मूल्यांनुसार एकेक सेकंदाच्या अंतराने दोन चौकशा होतात, म्हणजे साधारण दोन सेकंद. ‘फास्ट लीव्ह’ (चौकशी न करताच पोर्ट यादीतून काढण्याची सोय) चालू असेल तर तो लगेच थांबतो; पण एकाच पोर्टमागे साध्या स्विचने जोडलेले दोन श्रोते असतील, तर एकाने ग्रुप सोडताच दुसऱ्याचाही प्रवाह तुटतो. अशी मांडणी करून ती चाचणी अवश्य लिहावी.

पाठवणारे आणि ऐकणारे यांच्यामध्ये राउटर असेल, तर पॅकेटाचा टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा आकडा) आधी पाहावा. बहुतेक प्रणालींत मल्टिकास्टसाठी तो मुळात १ असतो आणि पॅकेट पहिल्याच राउटरवर टाकून दिले जाते.