बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, मला अजून त्याच्याबद्दल माया वाटत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. पहिल्या तासातच माया जडली पाहिजे, असं काही नसतं; ती रोजच्या सहवासातून हळूहळू घट्ट होते. काचेआडचं बाळ, टाके, अपुरी झोप, वर 'दूध पुरतंय ना?' विचारणारे पाहुणे! ताण येणारच. डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीशी धरा. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, कारण तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते. बाबांनाही जमते. घरच्यांनी सल्ले आवरून रात्रीची एक पाळी घेतली, तर माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आधार. दोन आठवडे उलटूनही उदासी, रडू थांबत नसेल तर प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.