रिपासिंगला छोटी गाडी कुठे अडते?

पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाड्यांबद्दल ठाणे-नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. रिपासिंग म्हणजे नोंदणी वाढवण्याआधी आरटीओत होणारी गाडीची तपासणी.

प्रश्न : आमची २०१० ची पेट्रोल हॅचबॅक रिपासिंगला नेली, ती परत पाठवली. शेरे पाच : हँडब्रेक धरत नाही, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, मागच्या नंबरप्लेटचा दिवा बंद, उजवा हेडलाइट वर मारतो, चासी नंबर वाचता येत नाही. गॅरेजवाला म्हणतो, अख्खी गाडी रंगवून घ्या, पास होईल. काय करावं? – वाचक, ऐरोली

उत्तर : रंगाचा विचार सोडा. यातला एकही शेरा रंगाने सुटत नाही, आणि रंगाच्या हाताखाली चासी नंबर आला तर उलट नवी अडचण.

आधी ब्रेक. गाडी डावीकडे ओढते म्हणजे बहुतेक वेळा उजवा ब्रेक कमी लागतोय. आठ-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि पुढच्या दोन्ही रिमजवळ हात धरून बघा (डिस्कला लावू नका, भाजेल). एक चाक गार असेल तर तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काम करत नाही. एक फारच तापलं असेल तर तिथला पॅड सुटत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या स्टिल्ट पार्किंगमध्ये कॅलिपरच्या सरक-पिना गंजून अडकणं नेहमीचं आहे. पिना काढून साफ करायच्या, रबर बूट फाटले असतील तर बदलायचे आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. पिना ठीक असतील तर रबरी होज तपासा. जुना होज आतून फुगतो, बाहेरून नवाकोरा दिसतो. पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजायला सांगा.

हँडब्रेकचं दुखणं मागच्या ड्रममध्ये असतं, आणि इथेच मेकॅनिक सर्वांत जास्त चुकतात. लिव्हरखालचा नट आवळून केबल ताणली की निरीक्षकापुढे हँडब्रेक लागतो. पण ताणलेल्या केबलमुळे ड्रमवर दाबणारे ब्रेक शू पूर्ण मागे येत नाहीत, आपोआप जुळवणारा अ‍ॅडजस्टर बंद पडतो, ड्रम तापतो, आणि महिन्याभरात लिव्हर पुन्हा वरपर्यंत येतो. क्रम उलटा हवा. केबल सैल करा, ड्रम उघडा, व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर दोन्ही बाजूंचे बदला. ब्रेक ऑइल प्यायलेले शू घासून किंवा पेट्रोलने धुऊन चालत नाहीत, ते फेकायचेच. अ‍ॅडजस्टरचे दात मोकळे करून शू जुळवा आणि केबल सगळ्यांत शेवटी. सहा-सात खटक्यांत गाडी चढावर उभी राहिली पाहिजे. एवढं उघडलंच आहे तर ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच घ्या, एक लिटरचा डबा पुरतो.

नंबरप्लेटचा दिवा म्हणजे पाच वॉटचा बल्ब. मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता यावा एवढा उजेड नियमाला हवा. बल्ब नवा टाकूनही पेटला नाही तर डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवा. डिकी वर्षानुवर्षं उघडून-मिटून आतली वायर तिथेच तुटते.

हेडलाइटसाठी संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा. टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं हवं. लो-बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. कड दिसतच नसेल आणि प्रकाश विस्कटलेला असेल तर बल्ब खाचेत तिरका बसलाय, किंवा कुणीतरी ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा लावलाय. तो काढा, त्याने होल्डरही वितळतो.

राहिला चासी नंबर. कुठल्या गाडीत तो बॉनेटखाली फायरवॉलवर असतो, कुठल्या गाडीत पुढच्या सीटखाली. नक्की जागा मॅन्युअलमध्ये मिळेल. त्यावर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नका. एखादा आकडा पुसट झाला तर तो खाडाखोडीचा संशय होतो, आणि मग प्रकरण गॅरेजच्या हातात राहत नाही. गंज काढायचं द्रावण किंवा रॉकेल लावून ठेवा, मऊ ब्रशने साफ करा, पेन्सिलने ठसा घेऊन १७ अक्षरं आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) जुळवा. मग वरून ग्रीसचा पातळ हात. तरीही वाचता येत नसेल तर आधी आरटीओत लेखी कळवा, स्वतः काही कोरू नका.

परत जाण्याआधी दोन गोष्टी आणखी बघून घ्या. स्टिअरिंगचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नको. तो जास्त असेल तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड (स्टिअरिंगचे सांधे) गेलेला असतो. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत टायर झिजला असेल तर तो बादच.

प्रश्न : २०११ ची गाडी, बीएस-४ (धुराच्या मानकाचा चौथा टप्पा). पीयूसीला (धूर तपासणीला) कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के आलं, हायड्रोकार्बन १८० पीपीएम. सेंटरवाला इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकायला सांगतो. – वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. तुमचं हायड्रोकार्बन मर्यादेत आहे, म्हणजे प्लग नीट जाळतायत. मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय. बाटलीने हे क्वचितच सुटतं.

पहिल्यांदा गाडी नीट तापवून पुन्हा मोजा. घोडबंदरच्या कोंडीत अर्धा तास उभी राहिलेल्या गाडीचं इंजिन गरम असतं, पण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गारठलेला असू शकतो. पंधरा-वीस मिनिटं सलग चालवून थेट नळी लावायला सांगा. मग एअर फिल्टर. नंतर ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडचा सायलेन्सर पाइप तपासा. तिथे चीर किंवा गळकं गॅस्केट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणखी पेट्रोल सोडतो आणि आकडा चढतो. पाइप धड असेल तर स्कॅनर लावून सेन्सरचं व्होल्टेज बघा. चांगला सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचतो; एकाच जागी बसला असेल तर बदलायचा. उघडाच अडकलेला थर्मोस्टॅटही हेच करतो, कारण इंजिन कायम थंड समजलं जातं. कन्व्हर्टर सर्वांत महाग, म्हणून सर्वांत शेवटी.

प्रश्न : बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. रिपासिंगला वेगळं काय लागतं? – वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं नोंदलेलं हवं, बऱ्याच गाड्या इथेच अडतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, ती परवानाधारक केंद्रातच करायची. प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि सिलिंडरवर कोरलेला क्रमांक स्वतः जुळवून बघा. व्हॉल्व्हवरची रबरी पिशवी फाटलेली नको, आणि गाडीखालून जाणारी नळी क्लिपमध्ये घट्ट हवी. किट काढून टाकलं असेल तर आरसीतली नोंदही बदलावी लागते.

प्रश्न : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच, असं मुलगा म्हणतो. खरं का? – वाचक, नौपाडा

उत्तर : पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची बंदी ही दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राची गोष्ट. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत उतरली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. आरसीवरची मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० ठरलं. पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी त्या दिवशी चालू हवेत, ई-चलनं आधीच भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट बसवूनच न्या. पत्ता ठाण्यातून वाशीला वगैरे बदलला असेल तर तो आरसीवर आधी बदलून घ्या, नाहीतर अपॉइंटमेंट चुकीच्या कार्यालयाची मिळते.