आठ हजारांची गळती आणि सहा लाखांचं कर्ज

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला आणि दाजींनी काढलेला इंजिनचा फोटो चार वेळा झूम करून पाहिला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी 2009 ची, 1.3 पेट्रोल, आरसी रिन्यू करून घेतलीय मार्च 2029 पर्यंत. गेले दोन महिने कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतोय, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, जोडाशी ओल दिसते. नाशिकच्या द्वारकेजवळचा मेकॅनिक म्हणतो मॅनिफोल्डचं पॅकिंग, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप), दोन होज पाइप, कूलंट आणि मजुरी मिळून 7,800. दुसरा म्हणतो हेडच, म्हणजे इंजिनचा वरचा भागच, खोलावा लागेल, 42,000, आणि वर "खोलल्यावर बघू". दाजींचं म्हणणं, गाडी एक्स्चेंजमध्ये टाकू, शोरूम 65,000 देतंय, 8 लाखांची नवी घेऊ, 6 लाख लोन. आणि तुमचा प्रश्न असा की 65 हजारांच्या गाडीवर 42 हजार घालणं म्हणजे वेडेपणाच ना?

वेडेपणा आहे की नाही ते पुढे बघू, पण ताई, ही तुलनाच चुकतेय. गाडी विकून किती येतील याच्याशी दुरुस्तीचा खर्च लावून काही कळत नाही. दुरुस्ती केली नाही तर दर महिन्याला खिशातून काय जाणार, त्याच्याशी लावा. 6 लाख, साडेनऊ टक्के, 5 वर्षं, हप्ता 12,600 च्या आसपास बसतो. म्हणजे 7,800 ची दुरुस्ती एका हप्त्यापेक्षाही कमी, आणि ते 42 हजारसुद्धा साधारण सव्वातीन हप्ते. पाच वर्षांत नुसतं व्याजच दीड लाखाच्या वर जातं. शिवाय नव्या गाडीला 3 वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम भरावा लागतो, तो ऑनरोड किमतीत गुपचूप बसलेला असतो, शोरूमवाला हप्ता सांगताना त्याचं नावही काढत नाही.

तुमच्या दोघांचा हातात येणारा पगार 82,000. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता 26,500. त्यात 12,600 घातले की 39,100, म्हणजे निम्म्याला टेकलाच. मुलगी जूनमध्ये अकरावीला, क्लासची फी अजून कुठे भरलीय! डाऊन पेमेंटसाठी दाजी जी 2 लाखांची एफडी मोडायला निघालेत ती तुमची अडीअडचणीची एकमेव पुंजी आहे, ती मोडली की बहुतेक बँकांत मुदतीआधीचा दंड लागतो, आणि त्यानंतर घरात कोणाला अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर क्रेडिट कार्ड घासण्याशिवाय काही उरत नाही. आणि एवढं सगळं कशासाठी, तर तुम्हीच लिहिलंय की दाजी अंबडला कंपनीच्या बसने जातात, तुम्ही शाळेत अ‍ॅक्टिव्हावर. गाडी निघते रविवारी सिन्नरला सासूबाईंकडे आणि वर्षातून दोनदा वणीच्या गडावर. महिन्याला 500 किलोमीटर.

आता गळतीकडे येतो, कारण पैशाचा निर्णय तिथेच अडकलाय.

तुम्ही यूट्यूबवर जे व्हिडिओ बघून घाबरलात ते बहुतेक अमेरिकन व्ही6 (व्ही आकारात सहा सिलिंडर) इंजिनांचे आहेत. तिकडे जनरल मोटर्सच्या काही व्ही6 मध्ये इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग जाणं हा फार गाजलेला आजार होता, लोक कोर्टात गेले, 2008 मध्ये तडजोड होऊन कंपनीने पैसेही दिले. त्या इंजिनात मॅनिफोल्ड दोन हेडच्या मधल्या खोबणीत बसतो, पॅकिंग आतून फाटलं की कूलंट सरळ ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइलची लस्सी होते. तुमचं इंजिन चार सिलिंडरचं, एका रांगेतलं, मॅनिफोल्ड हेडच्या बाजूला नट-बोल्टने लावलेला, आणि फोटोत दिसतंय की थर्मोस्टॅटचं घरही त्याच मॅनिफोल्डवर आहे म्हणून तिथून कूलंट जातोय. अशा ठिकाणी गळती बहुतेक बाहेर येते, नाहीतर थोडी इनटेकच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, जाऊन सकाळी स्टार्टिंगला इंजिन झटके मारतं. ऑइलमध्ये जायची शक्यता कमी. फोटोत जोडाच्या खाली जी हिरवट-पांढरी पापडी जमलीय ना, ती वाळलेल्या कूलंटची आहे. तुम्ही म्हणता सकाळी थंड गाडीखाली थेंब असतात आणि दुपारी काहीच नाही, तेही पॅकिंगशीच जुळतं, धातू गार पडला की आकसतो आणि जोड सुटतो, गरम झाला की परत दाबला जातो. होज पाइपचा क्लॅम्प ढिला असला तरी असंच होतं बरं का, आणि तो तर शंभर रुपयांत मिटतो.

पण मी मेकॅनिक नाही आणि फोटोवरून निदान करणाऱ्यांवर माझा स्वतःचा विश्वास नाही. म्हणून पहिला खर्च प्रेशर टेस्टचा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावतात आणि झाकणावर जेवढा आकडा छापलाय, 0.9 किंवा 1.1 बार, तेवढाच दाब भरतात. पंधरा मिनिटं पंपाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला आणि ओल मॅनिफोल्डच्या जोडावर आली तर पहिला मेकॅनिक बरोबर. काटा उतरतोय पण बाहेर कुठेच थेंब नाही, तर मग दुसऱ्या मेकॅनिकचं ऐकायचं, आणि तेव्हाही आधी ती निळ्या औषधाची टेस्ट करायला सांगायची. कूलंटच्या टाकीवरची हवा त्या औषधातून ओढतात, हेडचं पॅकिंग गेलं असेल तर जळालेला गॅस तिथे येतो आणि निळं औषध पिवळं पडतं. सोबत ऑइलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) आणि ऑइलच्या झाकणाची आतली बाजू बघा, दुधाळ काही दिसतंय का. 42 हजारांचा आकडा देणाऱ्या माणसाने यातलं काहीच केलं नाही, नुसतं बॉनेट उघडून हेड खोला म्हणाला, त्याचाच मला राग आलाय.

टेस्टमध्ये मॅनिफोल्ड निघाला तर 7,800 डोळे झाकून द्या, सेव्हिंग खात्यातून, एफडीला हात नाही. गॅरेजवाला कार्डावर सहा महिन्यांचे हप्ते करून देतो म्हणाला त्याला नको म्हणा, नो कॉस्ट म्हणतात पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी चिकटतोच. काम चालू असताना दाजींना तिथे उभं राहू द्या. जुनं पॅकिंग खरवडायला हॅक्सॉचं पातं घेतलं तर थांबवा, अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही तिथूनच झिरपणार. पृष्ठभाग वाकलाय का ते सरळ पट्टी लावून बघायला सांगा. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीत काय जमतं ते तुम्हाला माहीत आहे. कूलंटमध्ये अडकलेली हवा नीट काढून घ्या, आणि तीन-चार दिवसांनी थंड गाडीची लेव्हल परत बघा.

आणि हेडच गेलं असेल तर? 42,000 भागिले मार्च 2029 पर्यंतचे महिने, तीस जरी धरले तरी महिन्याला 1,400, कागदावर हेही हप्त्यापेक्षा स्वस्तच. तरी मी नको म्हणेन. कारण तो आकडा पक्का नाहीये, त्याच्या मागे "खोलल्यावर बघू" आहे, आणि 2009 च्या इंजिनात खोलल्यावर नेहमी काहीतरी दिसतंच. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह, मग टायमिंग बेल्ट आता काढलाच आहे तर बदलून टाकू... लेखी पक्का आकडा 25,000 च्या आत आला तर विचार करा, नाहीतर आहे तशी विका, गळती सांगून विका, आणि सहा महिने गाडीशिवाय काढा. रविवारी सिन्नरला टॅक्सी केली तरी हप्त्याच्या निम्मेही जाणार नाहीत. आरसी रिन्यू करताना भरलेले 5,000 आणि पर्यावरण कर वाया जाईल असं तुम्ही लिहिलंय, ते पैसे गेलेले आहेत ताई, गाडी ठेवा नाहीतर विका, ते परत येत नाहीत, त्यांना या हिशोबातून काढा.

शोरूमचा "महिनाअखेरपर्यंतच" असलेला 20,000 चा एक्स्चेंज बोनसही मनावर घेऊ नका. पुढच्या महिन्यात तोच बोनस दुसऱ्या नावाने येतो. नवी गाडी तुम्हाला हवीच आहे हे मला मान्य आहे, 2029 ला ती लागणारच. म्हणून जो हप्ता बँकेला देणार होतात त्यातले 8,000 पुढच्या पगारापासून आरडीत टाका. तीस महिन्यांत साडेसहा टक्क्यांनी 2 लाख 60 हजारांच्या आसपास होतात, व्याजावर टॅक्स आहे तो धरा. आणि 8,000 जड जात असतील तर तेव्हाच कळेल की 12,600 कसे गेले असते.

दुरुस्ती होईपर्यंत कसारा घाट नाही, चांदवडचा घाट नाही, गडावर तर नाहीच. मी हे अनुभवाने सांगतोय. माझ्या जुन्या गाडीचा एवढासाच होज झिरपत होता, मी बाटलीतलं पाणी ओतत ओतत मुंबईहून निघालो आणि कसाऱ्यात तापमानाचा काटा वर गेलेला दिसला तरी "वर पोचू मग थांबू" म्हणून दामटली. हेड वाकलं. इन्शुरन्सने एक रुपया दिला नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं, झीज आणि मेकॅनिकल बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यात गरम झालेली गाडी मी स्वतःच पळवलेली. काटा वर गेला की बाजूला घ्या, इंजिन बंद, आणि रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं असतं, तोंडावर येतं.

राहिली ती गळती बंद करायची पावडर, जी टाकून शोरूमला गाडी द्यायचा दाजींचा बेत आहे. ती पावडर भोक ओळखत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्याही तेवढ्याच आनंदाने बुजवते, आणि शोरूमच्या तपासणीत गाडी गरम झाली की 65 चे 40 होतील. डबी अजून फोडली नसेल तर बिल घेऊन दुकानात परत द्या म्हणावं, आणि त्याच पैशात शनिवारी प्रेशर टेस्ट करून घ्या. काटा कुठे थांबला त्याचा फोटो मला पाठवा.