ऑपरेटरची खिडकी : जुनी भुतं पुन्हा उठवावीत का?

(वाचकांच्या सिनेमाविषयीच्या प्रश्नांना तळकोकणातल्या एका थिएटरचे निवृत्त ऑपरेटर उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, मी देवगडची, सध्या रत्नागिरीला कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी २०२४चा नवा ‘नोस्फेरातू’ लावला होता. मामाने तो अर्ध्यावर बंद करायला लावला. १९२२चा सिनेमा असताना हा उद्योग कशाला, जुन्याला हात लावू नये, असं त्याचं म्हणणं. मला तर नवा आवडत होता. जुने भयपट पुन्हा काढूच नयेत का?

उत्तर : मामांना आधी एवढं सांग की ते ज्याची बाजू घेऊन भांडतायत तो १९२२चा सिनेमाच मुळात चोरीचा माल आहे. ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता जर्मनांनी तो काढला, दिग्दर्शक मुर्नाऊ. नावं तेवढी बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला. लेखक ब्रॅम स्टोकर तोवर वारले होते, पण त्यांची बायको खमकी. ती कोर्टात गेली आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती निसटल्या म्हणून आज मामांना भांडायला सिनेमा उरलाय. भयपटांचं कूळ शोधायला गेलं की असंच होतं. १९३१चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आपण पहिला समजतो, पण १९१० मध्ये एडिसनच्या कंपनीने तीच गोष्ट छोट्या मूकपटात काढली होती.

तेव्हा हात लावावा की नाही हा वाद मी घालत नाही. हात कशाला लावला, ते बघतो. हे मी केबिनमध्ये उभा राहून शिकलो. ऑपरेटर पडदा कमी आणि माणसं जास्त बघतो. एका मशीनवर रीळ चाललेलं, दुसऱ्यावर पुढचं लावून ठेवलेलं, मध्ये मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी पुढे सरकवायची, आणि उरलेला वेळ खिडकीतून खाली डोकी बघायची. भुताचा चेहरा दिसला की लोक बहुतेक वेळा हसतात किंवा शिट्टी मारतात. खरी टरकते ती त्याच्या आधी, दार अर्धं उघडं असताना. बायका तर पडद्यातल्या नटीला मोठ्याने बजावायच्या, “थंय जाव नको गे!” नटी जायचीच. ती बाई नटीसाठी घाबरत नव्हती, आपल्या घरातल्या कुठल्या तरी दारासाठी घाबरत होती, असं मला वाटतं.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. नवा सिनेमा काढणाऱ्याने ते दार आपल्या प्रेक्षकाच्या घरात शोधलं असेल तर खुशाल काढावा. नुसता रंग चढवायचा असेल तर जुनाच पुन्हा लावा, पैसे वाचतील.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्याकडचंच आहे. १९९३चा मल्याळम ‘मणिचित्रताळ’, दिग्दर्शक फाझिल. जुना वाडा, बंद खोली, खोलीत एका नर्तकीची कथा, आणि घरच्या सुनेत हळूहळू ती नर्तकी बोलू लागते. मल्याळी घरात ती तमिळ बोलते. पुढे २००५ मध्ये तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ झाला, तेव्हा नर्तकी तेलुगू झाली. २००७ मध्ये हिंदीत ‘भूल भुलैया’ आला, तेव्हा ती बंगाली मंजुलिका झाली. बघ, काय बदललं आणि काय नाही! घरातली बाई एका रात्री परकी भाषा बोलू लागते, ही भीती कोणी सोडली नाही. भाषा मात्र प्रत्येकाने आपल्या शेजारून उचलली. (मालवणीत काढला तर नर्तकी गोव्याची करावी की घाटावरची, यावर आमच्या नाक्यावर बराच वेळ गेला. मारामारी होता होता राहिली.) विनोद आणि नाचगाणी वाढत गेली हे मला रुचलं नाही, तरी सांगाडा कोणी मोडला नाही.

उलटं उदाहरण ‘सायको’चं. हिचकॉकचा १९६०चा, कृष्णधवल. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट यांनी तो जवळजवळ शॉटला शॉट लावून रंगीत काढला. तेच संगीत, तोच मोटेल, तोच शॉवर. आणि काहीच होत नाही. हिचकॉकने नायिकेला सिनेमा अर्धाही झाला नसताना त्या शॉवरखाली मारलं, तेव्हा प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन गेली होती. १९९८ साली तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ती मरणार हे ठाऊक होतं.

मामा म्हणतील, आपल्या दशावतारी नाटकातसुद्धा राक्षस संकासूर मरणार हे पोरासोरांना ठाऊक असतंच की! बरोबर. पण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संकासूर आज या गावच्या जत्रेत काय बोलेल ते कालच्या जत्रेवरून सांगता येत नाही. समोर कोण बसलंय ते बघून नट बोलतो. व्हॅन सँटच्या सिनेमाकडे तेवढंच नव्हतं.

आता गॉडझिला, समुद्रातून वर येणारा तो महाकाय प्राणी. हा तू बघच, किनाऱ्यावरच्या माणसाला तो वेगळा दिसतो. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. खलाशी आजारी पडले, त्यातला एक त्याच वर्षी गेला. नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा ‘गॉडझिला’ लागला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात एक बोट नाहीशी होण्याने होते. घरची माणसं बातमीची वाट बघत उभी राहतात. वादळात बोटी अडकल्या की आपल्या जेटीवर जे चेहरे दिसतात, तेच. १९९८ मध्ये अमेरिकेने त्याच प्राण्याला न्यूयॉर्कात पळवलं. दोष फ्रेंच अणुचाचण्यांवर टाकला आणि बाकी सगळी धावपळ. उंची वाढली, भीती गेली. मग २०२३ मध्ये जपान्यांनी ‘गॉडझिला मायनस वन’ काढला, युद्धात बेचिराख झालेल्या देशाचा. त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं, पण मला लक्षात राहिला तो लढाईतून जिवंत परतल्याची लाज वाटणारा पायलट. सत्तर वर्षं जुना प्राणी त्यांनी पुन्हा स्वतःच्या घरात आणला. जैतापूरच्या अणुप्रकल्पावर इथे इतकी वर्षं वाद चाललाय, आणि आपल्या एकाही निर्मात्याला समुद्रातून काही वर यावं असं सुचत नाही, याचं मला नवल वाटतं.

राहिला तुझा ‘नोस्फेरातू’. त्यात एक जहाज बंदराला लागतं, खलाशी मेलेले, आणि तळातून उंदीर उतरतात. मागून गावात प्लेग. १९२२ साली हे पाहणाऱ्या युरोपियनांच्या घरातली माणसं १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेलेली होती. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. आणि १८९६च्या मुंबईच्या प्लेगमध्ये आपले चाकरमानी बोटींनी कोकणात पळून आले होतेच. तेव्हा हे जहाज आपल्यालाही परकं नाही. १९७९ मध्ये हेर्झोगने तोच सिनेमा पुन्हा काढला आणि उंदीर इतके सोडले की प्लेगच नायक झाला. एगर्सच्या २०२४च्या सिनेमात भर साथीवर कमी आणि नायिकेच्या आतल्या ओढीवर जास्त आहे. हे त्याचं स्वतःचं दार आहे आणि ते त्याने नीट उघडलंय. मिशीवाला ऑर्लोक मला पटला नाही. १९२२चा ऑर्लोक, म्हणजे नट मॅक्स श्रेक, शवपेटीतून फळीसारखा सरळ उठतो, तो शॉट अजून कोणाला मागे टाकता आलेला नाही. मामांना अर्धा राहिलेला नवा पूर्ण दाखव, मग जुना दोघांनी मिळून बघा.

आणि नवा पडला म्हणून लगेच निकाल देऊ नये. कार्पेंटरचा ‘द थिंग’ १९५१च्या सिनेमानंतर त्याच कथेवर १९८२ मध्ये आला, ‘ई.टी.’च्या पाठोपाठ दोन आठवड्यांत. गोड परग्रहवासी बघून आलेल्या लोकांना हा किळसवाणा वाटला, समीक्षकांनी झोडपला. आज त्याला हात लावू नये म्हणून लोक भांडतात.

प्रश्न : रामसेंचा ‘पुराना मंदिर’ आम्ही मालवणात मित्रांबरोबर पाहिला होता. आता ग्राफिक्स इतकं पुढे गेलंय. त्यातला राक्षस सामरी नव्याने काढला तर?

उत्तर : नको हो. १९८४च्या सामरीची दहशत अनिरुद्ध अग्रवाल यांच्या उंचीत आणि चेहऱ्यात होती. माणूस खरोखर दारातून वाकून आत यायचा. कॉम्प्युटरवर त्याला ताडाएवढा कराल आणि दार लहान पडेल. रामसे मंडळी कमी पैशांत काम करायची. सेट बांधण्यापेक्षा खरी जागा शोधायची, मुरुडचा नवाबाचा राजवाडा त्यांनी आपल्या भयपटांना वापरला. मुरुडला गेलात तर बाहेरून बघा, अर्धा सामरी तिथेच आहे.

नवं काही हवं असेल तर २०१७चा मराठी ‘लपाछपी’ बघा. ऊस, एकटं घर, गरोदर बाई. विशाल फुरिया यांनीच तो २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून पुन्हा काढला. मला मराठीच सरस वाटतो. २०२४च्या ‘मुंज्या’त कोकण आहे, पिंपळ आहे, भीती कमी आणि गंमत जास्त. फक्त एक विनंती कोणा निर्मात्यापर्यंत पोचली तर पोचवा. आरवलीच्या वेतोबाला राक्षस करू नका. तो राखणदार आहे, लोक त्याला चपलांचा जोड आणि केळ्यांचा घड देतात. त्याला शिंगं लावलीत तर मी तिकीट काढणार नाही.

प्रश्न : गुहागरजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलांना १९३१चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ दाखवायचा विचार आहे, पण ती हसतील अशी भीती वाटते.

उत्तर : बाई, हसू द्या. राक्षस झालेला बोरिस कार्लोफ पहिल्यांदा पाठमोरा आत येतो आणि वळतो, तोवर हसतील. तळ्याकाठी छोटी मुलगी त्याला फुलं देते, तिथे थांबतील. तो तिला पाण्यात टाकतो तेवढा तुकडा सेन्सॉरपायी बरीच वर्षं कापलेला होता, पुढे परत जोडला गेला. कापलेल्या प्रतीत लोकांनी त्याहून वाईट काहीतरी मनात धरलं. त्या प्रसंगात त्याला फक्त खेळायचं असतं, हे पूर्ण प्रतीतच कळतं, म्हणून प्रत आधी एकदा तपासून घ्या. सिनेमा जेमतेम ७० मिनिटांचा आहे, दोन तासिकांत बसेल. पाचवीच्या खालच्यांना नको. मधली सुट्टी मध्ये येऊ देऊ नका, खिडक्यांना काळं कापड लावा, आणि आवाजासाठी लॅपटॉपवर विसंबू नका, गणपतीतला स्पीकर मागून आणा.