शिवीगाळ केली म्हणून आयडी कायमची उडवणं योग्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन गेममधली चार वर्षांची जुनी आयडी, म्हणजे खातं, स्किनवर (पात्राच्या-बंदुकीच्या सजावटीवर) घातलेले अकरा हजार रुपये, एका रात्री रागाच्या भरात टीममेटला शिव्या दिल्या आणि सकाळी 'कायमची बंदी' असा मेल. हा न्याय झाला का?

त्यातलं 'एका रात्री' आधी जरा बाजूला ठेवू. माझ्याही बाबतीत एकच रात्र होती, अशी माझी चांगली दोन आठवडे ठाम समजूत होती.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी पाच विरुद्ध पाचवाला एक नेमबाजीचा गेम खेळायचो. कुठला ते सांगत नाही, त्या कंपनीशी आता माझं वैर उरलेलं नाही. दिवसभर घरून काम आणि रात्री साडेअकरा ते दोन रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या मॅच. आधी माझं चॅट बंद झालं, मग तीस दिवसांचा बॅन, म्हणजे बंदी बसली. मेलमध्ये एवढंच, की तुम्ही नियम मोडलेत. कुठला नियम, कधी, मी काय बोललो, याचा पत्ता नाही. मी पेटलो. लागोपाठ तीन मेल ठोकले. तिसऱ्याचं उत्तर म्हणून त्यांनी एका मॅचचं टीम चॅट वेळेसकट पाठवून दिलं.

माझ्या आठवणीत मी एकच शिवी दिली होती, तीही मॅच हातची गेल्यावर. चॅटमध्ये माझे एकोणीस मेसेज निघाले. सुरुवात तिसऱ्या राउंडपासून, म्हणजे आम्ही पुढे होतो तेव्हाच. ज्याच्यावर तोंड सोडलं होतं त्या पोराने अख्ख्या मॅचमध्ये दोनदाच काही टाइप केलं होतं, आणि दोन्ही वेळा तेच: 'सॉरी भाई, लॅग आहे.' (म्हणजे नेट अडकतंय.) मी मात्र त्याच्या हिंदीवरून त्याला त्याच्या राज्यात परत पाठवून शेवटी त्याच्या आईपर्यंत पोचलो होतो. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती. तिने विचारलं, काय आलंय? मी लॅपटॉप मिटला.

हे माझं एकट्याचं नाही, म्हणून सांगतोय. लीग ऑफ लेजंड्स हा ऑनलाइन गेम काढणाऱ्या रायट गेम्सने या शिवीगाळीच्या मागे लागून बरंच काम केलं होतं. जेफ्री लिन नावाचा, मेंदूविज्ञानात पीएचडी केलेला माणूस त्या टीमचा प्रमुख होता. चार नासके आंबे उचलून टाकले की आढी वाचेल, असं कुणालाही वाटेल. आकडे निघाले ते उलटे. सतत घाण करणारे खेळाडू एकूण घाणीच्या १३ टक्क्यांनाच जबाबदार होते. उरलेली ८७ टक्के एरवी नीट वागणाऱ्यांकडून यायची. बॉसने झापलेलं असतं, झोप झालेली नसते, आधीची मॅच हरलेली असते. म्हणजे तुम्ही आणि मी.

त्यांनी एक साधा प्रयोग केला. विरुद्ध टीमशी बोलायचं चॅट आपोआप चालू असायचं, ते बंद ठेवलं. हवं त्याने सेटिंगमधून चालू करावं. तेवढ्याने वाईट चॅट ३२ टक्क्यांहून जास्त उतरलं आणि चांगलं जवळजवळ ३५ टक्क्यांनी वाढलं. एकही आयडी न उडवता! आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, ती मला अनुभवाने पटलेली आहे. नुसता बॅन झालेला माणूस परत येऊन पुन्हा तेच करतो. कारण सांगितलं, त्याचंच चॅट त्याच्यासमोर ठेवलं, की सुधारणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. २०११ ते २०१४ मध्ये तर त्यांनी ट्रायब्यूनल म्हणून चावडीच भरवली होती. रिपोर्ट झालेल्याचं चॅट इतर खेळाडूंना दाखवायचं आणि शिक्षा की माफी यावर त्यांची मतं घ्यायची.

आता कायमच्या बंदीबद्दल. माझा आक्षेप ती कडक आहे म्हणून नाही. ती भलत्यालाच लागते. गेम फुकटात डाउनलोड होतो. ज्याला लोकांना छळण्यातच मजा येते, त्याच्या आयडीत गुंतलेलं काही नसतंच. सकाळी उडाली तर संध्याकाळी दुसऱ्या मेलवरून तो हजर, वर नवशिक्यांच्या लॉबीत घुसून त्यांना पिदवायला मोकळा. ज्याने चार वर्षं रँक चढवली, पगारातून स्किन घेतल्या, मित्रांची यादी जमवली, त्याचं सगळं जातं. दोघांची शिवी तीच, पण दंड ज्याच्या खिशात आहे त्यालाच. (अकरा हजारांचं म्हणाल तर ते परत मिळतील असं धरून चालू नका. स्किन आपण विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. ते करारात लिहिलेलं असतं आणि आपण न वाचता 'मान्य' दाबलेलं असतं.)

आपल्याकडे गुंडाला तडीपार करतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. वर्तमानपत्रात दर आठवड्याला एखादी बातमी असते, अमुक दोन जिल्ह्यांतून हद्दपार. दहशत माजवणारा, हाणामाऱ्या करणारा माणूस असतो तो. तरी कलम ५९ प्रमाणे आरोपांचं साधारण स्वरूप त्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कलम ५८ प्रमाणे मुदत दोन वर्षांच्या वर जात नाही. कलम ६० खाली ३० दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. कोयता घेऊन फिरणाऱ्याला इतकं सगळं, आणि कीबोर्डवर फिरणाऱ्याला एका ओळीचा मेल? हे मला पटत नाही.

काहीजण एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन याला 'वाळीत टाकणं' म्हणतात. कृपा करून हा शब्द इथे वापरू नका. वाळीत टाकलेल्या घराचं किराणा-पाणी बंद होतं, लग्नाला कुणी येत नाही, मयतालाही येत नाही. त्यासाठी आपल्या राज्याला २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला. तुमचा एक गेम गेलाय.

शिवाय आपण इतका वेळ बोलतोय ते शिव्या देणाऱ्याबद्दलच. माझी मामेबहीण नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला, रँक दोन पायऱ्या वर. पण रँडम टीममध्ये ती माइक कधीच चालू करत नाही, सगळं पिंग मारून, म्हणजे नकाशावर खुणा करून सांगते. एकदा मी शेजारी बसलो असताना तिने माझ्या आग्रहाखातर चालू केला आणि 'ए साइटवर दोन आहेत' एवढंच म्हणाली. पहिलं उत्तर आलं, 'अरे, लडकी है क्या?' दुसरं मी इथे लिहू शकत नाही. तिने शांतपणे माइक बंद केला आणि ती मॅच जिंकली. तिला कुठल्याही कंपनीने बॅन केलेलं नाही, तरी त्या गेमचा अर्धा भाग तिच्यासाठी कायमचा बंदच आहे. म्हणून बलात्काराची धमकी, जातीवरून शिवी, कुणाचा पत्ता-फोन नंबर उघड करणं, असल्या गोष्टींना पहिल्याच वेळी आयडी उडवली तर मला काडीचं वाईट वाटणार नाही. नोटीस पाठवा, बाजू ऐका आणि उडवा.

बाकीच्यांसाठी पायरी-पायरीने जावं: चॅट बंद, मग काही दिवस, मग काही महिने, आणि प्रत्येक वेळी पुराव्यासकट. त्यानंतरही तोच माणूस तेच करत असेल तर बंदी घाला, पण तिला मुदत द्या.

कारण 'कायमची' बंदी नावाजलेल्यांच्या बाबतीत तशीही कायमची राहत नाही. टायलर१ नावाचा अमेरिकन स्ट्रीमर, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणारा माणूस, इतका कुप्रसिद्ध होता, की एप्रिल २०१६ मध्ये रायटने त्याचं खातं नाही, तो माणूसच बॅन केला. कुठल्याही आयडीवर खेळताना दिसला की ती उडणार. जानेवारी २०१८ मध्ये त्याला परत घेतलं आणि परतीच्या स्ट्रीमला एका वेळी पावणेचार लाखांवर लोक बघत होते. याच गेमच्या येन्सन या डेन्मार्कच्या खेळाडूवर २०१३ मध्ये अनिश्चित काळाची बंदी आली. ती २०१५ मध्ये उठली, आणि २०१८ च्या जागतिक स्पर्धेत तो क्लाउड९ या टीमकडून उपांत्य फेरी खेळला. दोघांनी संधीचं सोनं केलं, छान झालं. पण त्यांची फाइल पुन्हा उघडली गेली ती लोक त्यांना ओळखत होते म्हणून. तुमची-माझी फाइल कोण उघडणार?

आणि कंपन्या चुकतातही. २०१० मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या यंत्रणेने मॉडर्न वॉरफेअर २ या गेमचे सुमारे १२ हजार खेळाडू चीटर ठरवून बॅन केले होते. चूक कळल्यावर माफी मागितली, बंदी उठवली, वर सगळ्यांना एकेक गेम फुकट दिला. ती फसवेगिरीची भानगड होती, शिव्यांची नव्हे. पण बॅन आता बऱ्याच ठिकाणी यंत्रच करतं. मराठीत प्रेमाने दिलेली शिवी आणि खरी शिवी यातला फरक मुंबईच्या माणसालाही कधीकधी कळत नाही, यंत्राला काय कळणार.

तर तुमच्या बाबतीत न्याय झाला का, हे तुमचं चॅट पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही आणि खरं तर तुम्हालाही नाही. आधी ते मागा. सपोर्टला मेल करताना मॅचची तारीख आणि अंदाजे वेळ द्या, याआधी चॅटबंदी वगैरे झाली असेल तर ती लपवू नका, त्यांना दिसतेच. अकरा हजारांचा उल्लेख पहिल्या मेलमध्ये करू नका. दोन आठवडे थांबून पुन्हा एक मेल करा. रोज करू नका.

आणि 'त्या रात्री माझा भाऊ खेळत होता' असं चुकूनही लिहू नका. मी लिहिलं होतं. मला भाऊच नाही.