ल्युटेशियम थेरपीनंतर रुग्णाला घरात किती दिवस वेगळे ठेवावे लागते?

तुमच्या सासूबाईंना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी (हार्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या गाठीसाठी) ल्युटेशियम-177 डोटाटेट या किरणोत्सारी औषधाचा पहिला डोस मिळणार आहे, घरात दोन वर्षांचे मूल आहे, म्हणून त्यांना किती दिवस वेगळे ठेवावे आणि या उपचाराचा उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. उपयोगाबद्दल तुमचे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगले सांगतील. वेगळे ठेवण्यावरून मात्र आमच्या घरात जे भांडण झाले ते अजून मिटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

आईची मूळ गाठ लहान आतड्यात होती आणि तिथून ती यकृतात पसरली होती. चेहरा लालबुंद होतो याचे खापर कितीतरी वर्षे पाळी जाण्याच्या वयावर आणि जुलाबांचे खापर नाजूक पोटावर फोडले गेले. शेवटी गॅलियम स्कॅनमध्ये, म्हणजे अशा गाठी शोधणाऱ्या तपासणीत, गाठी दिव्यासारख्या उजळल्या आणि मुंबईत पहिला डोस ठरला. शिशाच्या भांड्यातून आलेले औषध अर्ध्या तासात अंगात गेले. खरा छळ झाला तो मूत्रपिंडे वाचवण्यासाठी लावलेल्या लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या सलाईनचा, कारण ती चार तास चालली आणि तेवढ्यात आईला दोनदा उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या किरणोत्सार मोजणाऱ्या फिजिसिस्ट बाईंनी फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर आईला उभे केले, बरोबर एक मीटर अंतरावरून मोजायचे यंत्र धरले आणि डिस्चार्ज कार्डावर ताशी 14 मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) असा आकडा लिहिला. सोबत एक पत्रक दिले. सात दिवस वेगळ्या खोलीत झोपावे. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या खोलीत पंधरा दिवस झोपू नये. पहिले सात दिवस मुलांजवळ दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून कमी वेळ थांबावे आणि तेही एक मीटर अंतर राखून. शौचालयात बसूनच लघवी करावी, दोनदा फ्लश करावे, हात नीट धुवावेत. युरोपात या औषधासोबत जी माहिती देतात तिच्यातही हेच दिवस आहेत.

आई ठाण्याला दादाकडे उतरली. दादा इंजिनियर आहे आणि त्याची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्याने पत्रक वाचून बाजूला ठेवले. किरणोत्सारी पदार्थ दहा अर्धायुष्ये उलटल्यावरच निर्धोक मानायचा, असा नियम त्याने कुठेतरी वाचला होता. अर्धायुष्य म्हणजे पदार्थाचा किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ. ल्युटेशियम-177चे अर्धायुष्य 6.65 दिवसांचे, म्हणजे साडेसहासष्ट दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने त्या तारखेला लाल गोल केला. आईचे जेवण दाराशी स्टुलावर ठेवले जाऊ लागले, आणि ताट इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून वहिनीने त्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका लावला. मी आठव्या दिवशी गेले तेव्हा आई दाराआडून नातीशी बोलत होती. मला म्हणाली, “पोरीला काही होणार असेल तर मला साताऱ्याला सोड.”

मी कॅलेंडर पाहिले आणि माझ्या लक्षात आले की दुसरा डोस आठ आठवड्यांनी, म्हणजे छप्पन्नाव्या दिवशी होता. लाल गोल त्याच्यानंतर येत होता. दादाच्या हिशोबाने आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने ठरलेले चारही डोस आणि त्यावर साडेसहासष्ट दिवस, म्हणजे तब्बल 234 दिवस, आई त्या खोलीबाहेर पडूच शकत नव्हती. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग नाही पडणार.”

दादा, तू हे वाचशील अशी आशा नाही, तरीही लिहिते. दहा अर्धायुष्यांचा नियम प्रयोगशाळेत डब्यात बंद करून ठेवलेल्या कचऱ्यासाठी आहे. डबा लघवी करत नाही. आईच्या शरीराने अठ्ठेचाळीस तासांत औषधाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बाहेर टाकला होता. गाठ मारणारे बीटा कण पेशींमध्ये फार तर दोन मिलिमीटर जातात. बाहेर येतात ते थोडे गॅमा किरण, आणि अंतर दुप्पट केले की त्यांची मात्रा चौथाई होते. डिस्चार्जच्या दिवशीसुद्धा आईपासून एक मीटरवर तासभर बसणाऱ्याला मिळाला असता तेवढा डोस माती, हवा आणि आकाश मिळून प्रत्येक माणसाला साधारण दोन दिवसांत देतातच. आठव्या दिवशी तर तो आकडा कितीतरी खाली आला होता. भीती समजण्यासारखी होती, पण शिक्का मारलेले पत्रक हातात असताना स्वतःचा नियम काढणे ही हुशारी नव्हे.

त्याच संध्याकाळी मी आईला डोंबिवलीला माझ्याकडे आणले आणि पुढचे तिन्ही डोस ती माझ्याकडूनच घेऊन आली. ते ताटही आणले. माझ्या घरी लहान मूल नव्हते, त्यामुळे शहाणपण दाखवणे मला सोपे होते, हे मान्य करते.

तेव्हा माझे ऐकून पत्रकातला एक दिवसही कमी करू नका. दोन वर्षांचे मूल आजीच्या कुशीत शिरते, आणि कुशीत एक मीटर अंतर नसते; पहिले सात दिवस ते शिरणार नाही अशी व्यवस्था तुम्हालाच करावी लागेल. तुमच्या रुग्णालयाचे दिवस वेगळे असतील तर तेच पाळा. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या शेजाऱ्यांचे नियम इथे लावू नका. सासूबाईंना डायपर लागत असेल तर तो कुठे टाकायचा हे घरी येण्याआधी विचारून घ्या.

उपयोगाबद्दल एवढेच: लहान आतड्याच्या व आसपासच्या गाठींच्या 229 रुग्णांवरील नेटर-1 चाचणीत वीस महिन्यांनंतर या उपचाराने सुमारे 65 टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, तर केवळ ऑक्ट्रिओटाइड हे नेहमीचे इंजेक्शन वाढवून दिलेल्यांपैकी 11 टक्क्यांचाच वाढलेला नव्हता. गाठी लक्षणीय आकसल्या त्या मात्र 18 टक्के रुग्णांच्याच. आईच्याही आकसल्या नाहीत, थांबल्या आहेत. अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) चुकवू नका. ठिपक्याच्या ताटात आई आता रोज जेवते, मी नेलपॉलिश पुसायला गेले तर म्हणाली, “राहू दे, माझं ताट ओळखू येतं.”